पहिलाच गेमिंग पीसी जुळवतोय, यादी बघून सांगा कुठे गंडलंय

नवा_गडी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसताच वाचत आलोय, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

लॅपटॉपने मान टाकली. आता पीसीच जुळवायचा असं ठरवलं. बजेट बेताचं आहे आणि ते वाढणार नाही, म्हणून "अजून थोडे घाल आणि वरचं घे" हा सल्ला कृपया नको. महिनाभर व्हिडिओ बघून ही यादी काढलीय:

प्रोसेसर: रायझन ७ ५७००एक्स
कूलर: पाण्याचा, २४० मिमीचा
मदरबोर्ड: बी५५०, वायफाय आणि दिवेवाला
रॅम: डीडीआर४, १६ जीबीची एकच स्टिक
ग्राफिक्स कार्ड: आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी
एसएसडी: १ टीबी, जेन ४
कॅबिनेट: पुढे काच, सोबत ७५० वॉटचा पॉवर सप्लाय फुकट
मॉनिटर: फुल एचडी, १४४ हर्ट्झ (हा घेऊन झालाय)

मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, एकटा असलो की सायबरपंक २०७७. जमलं तर खेळ रेकॉर्डही करायचेत. डोक्यात असं आहे की प्रोसेसर एकदाच दणकट घ्यावा, कार्ड काय, पुढेमागे बदलता येतं. एका बॉटलनेक (कुठला भाग बाकीच्यांना अडवतो) कॅल्क्युलेटरवर टाकून बघितलं तर आठ टक्के बॉटलनेक दाखवतोय. म्हणजे ठीक ना?

खुडबुड्या

पहिला प्रतिसाद माझा! :)

यादी वाचून हसू आलं, कारण माझी पहिली यादी डिट्टो अशीच होती. खर्चाच्या क्रमाने लावून बघ. प्रोसेसर, पाण्याचा कूलर, दिवेवाला बोर्ड आणि मग कुठेतरी ग्राफिक्स कार्ड. गेमिंगच्या मशीनमध्ये हा क्रम उलटा हवा. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा तुकडा, साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच, एकट्या कार्डावर गेला पाहिजे.

६५०० एक्सटी तर मुळीच नको. त्यात मेमरी ४ जीबी, मेमरीचा रस्ता (बस) ६४ बिटचा, आणि बोर्डाशी बोलायला पीसीआयईच्या, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या रस्त्याच्या, फक्त चार लेन. मेमरी भरली की कार्ड रॅमकडे धाव घेतं, आणि ती धाव त्या चार लेनच्या बोळातून. बी५५० वर जेन ४ (चौथ्या पिढीचं पीसीआयई) मिळतं म्हणून जरा तरी निभावतं, जुन्या जेन ३ च्या बोर्डावर आणखी हाल. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही. म्हणजे रेकॉर्डिंगचं ओझं प्रोसेसरवर.

प्रोसेसर ५६०० वर आण. सहा कोअर, बारा थ्रेड, एल३ कॅश (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) ५७००एक्सइतकीच ३२ एमबी. गेममध्ये दोघांत फार फरक पडत नाही. वर ५६०० च्या खोक्यात कूलर येतो, ५७००एक्सच्या येत नाही. पाण्याचा कूलर यादीतून आपोआप उडाला. वाचलेलं सगळं कार्डात घाल: आरएक्स ६६००, ८ जीबी.

एक खड्डा मात्र लक्षात ठेव. ५६००, ५५०० आणि ५६००जी ही भावंडं वाटतात, पण ५५०० आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश १६ एमबीच आहे आणि पीसीआयई जेन ३. नाव घाईत वाचून चुकीचं खोकं उचलणारे मी बघितलेत. (त्यातला एक मीच.)

नवा_गडी

बाप रे. पण मग दहा वर्षं प्रोसेसर बघायला नको, हे जे म्हणतात ते?

रात्रपाळी

दहा वर्षांचं कुणीच सांगू शकत नाही, तो नाद सोडा. आधी ते आठ टक्के निकालात काढू.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम), प्रत्येक फ्रेमला साधारण ६.९ मिलिसेकंद मिळतात. ६० हर्ट्झवर १६.७ मिळाले असते. त्या वेळात प्रोसेसर ठरवतो कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचंय. ती कामाची यादी तो कार्डाकडे देतो आणि कार्ड चित्र रंगवतं. दोघं एकाच वेळी काम करतात. कार्ड ही फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढचीची तयारी करतो. ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या वेगाने गाडी चालते. दुसरा वाट बघत बसतो.

म्हणजे बॉटलनेक कायम असतोच. शून्य टक्के वगैरे काही नसतं. आणि तो एका जागी बसूनही राहत नाही. व्हॅलोरंट कार्डाला फारसं काही मागत नाही, तिथे प्रोसेसर आणि रॅम दमतात. सायबरपंकमध्ये सेटिंग वर नेली की तेच मशीन, तोच प्रोसेसर, पण आता कार्ड धापा टाकतं. कॅल्क्युलेटरला तुम्ही कुठला गेम सांगितलात? कुठली सेटिंग? मग ते आठ टक्के नेमके कशाचे?

खरी परीक्षा घरच्या घरी होते. गेम चालू असताना रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर अडवणारं कार्ड होतं. आकडा हलला नाही तर प्रोसेसर. नाहीतर कार्डाचा वापर बघत बसा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, आणि गेमिंगमध्ये बहुतेक वेळा हेच हवं असतं.

म्हणून "कुठला प्रोसेसर" हा प्रश्न पहिला नव्हेच. मॉनिटर आणि गेम, तिथून उलटं मागे यायचं. फुल एचडी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. पिक्सेल वाढले की ओझं कार्डावर, हर्ट्झ वाढले की प्रोसेसरवर. तुमचा मॉनिटर पिक्सेलला मध्यम आणि हर्ट्झला तिखट आहे, त्यामुळे प्रोसेसर अगदी मरतुकडाही चालणार नाही. ५६०० बरोबर बसतो. आय५-१२४००एफ मिळाला तर तोही चालेल, तोही सहा कोअरचाच. चार कोअरचा आय३-१२१००एफ मी या मॉनिटरसाठी टाळेन. गेमसोबत मागे मित्रांचा व्हॉइस कॉल, ब्राउझर आणि रेकॉर्डिंग चालणार असेल तर नक्कीच.

काडीपैलवान

+१. वाचनखूण साठवली.

उलटा स्क्रू

सगळे प्रोसेसर आणि कार्डावर तुटून पडलेत आणि फुकटच्या पॉवर सप्लायकडे एकानेही बघितलेलं नाही. ७५० वॉट आकडा दिसला की सगळे गप्प.

माझ्याकडे असाच एक कॅबिनेटबरोबर आलेला होता. कंपनीचं नाव घेत नाही. दीड वर्ष निमूट चालला. एक दिवस गेम चालू असताना खट्ट आवाज, वास, अंधार. जाताना मदरबोर्डही सोबत घेऊन गेला. त्यानंतर मी बाजूचं स्टिकर वाचायला शिकलो. तुम्हीही शिका, पाच मिनिटांचं काम आहे.

स्टिकरवर १२ व्होल्टची ओळ शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. तिथे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. माझ्या त्या "७५० वॉट"वर ३० अँपिअर होते, म्हणजे ३६० वॉट. बाकीचा आकडा रंगरंगोटी. चांगल्या ५५० वॉटच्या सप्लायवर १२ व्होल्टला साधारण ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे जवळजवळ सगळीच क्षमता.

आता तुमचा हिशेब. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट. ५६०० चा टीडीपी (कंपनीने सांगितलेला वॉटचा आकडा) ६५, जोर लावला की थोडं वर, पण शंभरच्या आत. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून पन्नास धरा. तीनशेच्या आत खेळ संपला. एखाद्या क्षणी कार्ड उसळी घेतं, उद्या मोठं कार्ड येईल, म्हणून ५५० वॉट. पण खरे ५५०.

८० प्लसच्या ब्राँझ-गोल्डवर भाळू नका. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर सप्लाय वेळेवर बंद पडतो का, हे त्यात येत नाही. वॉरंटी किती वर्षांची हे बघा, कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते तिथे कळतं.

आणखी एक. मॉड्युलर (सुट्या केबलवाला) सप्लाय घेतलात तर एकाच्या केबल दुसऱ्याला लावू नका. सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. प्लग बसतो, आणि हार्डडिस्क जळते. दोन गेल्या माझ्या, म्हणून सांगतो.

खुडबुड्या

स्क्रूकाका, तुमच्याकडे न जळलेलं काही आहे का? :)

उलटा स्क्रू

अनुभव.

बारा_वाजले

मी जरा उलट बोलतो. नवीन ६६०० घेण्यापेक्षा वापरलेलं कार्ड घ्या. त्याच पैशात एक पायरी वरचं मिळतं. माझं आरएक्स ५८० वापरलेलंच होतं, चार वर्षं लोण्यासारखं चाललं.

रात्रपाळी

वापरलेल्याला विरोध नाही, ५८० ला आहे. ते २०१७ चं कार्ड, फुलझोतात ओढतं १८५ वॉट. त्यात "२०४८ एसपी" नावाचा एक प्रकार फिरतो, तो खऱ्या ५८० पेक्षा कमी युनिटांचा आहे, विकताना कुणी सांगत नाही. मुख्य म्हणजे त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढायचं) हार्डवेअरच नाही. पूर्वी याने काही बिघडत नव्हतं, सेटिंग बंद केली की झालं. आता डूम: द डार्क एजेससारख्या गेमला ते हार्डवेअर लागतंच, बंद करायची सोयच नाही. ६६०० रे ट्रेसिंगमध्ये कासव आहे, पण निदान दारातून आत तरी जातं. वापरलेलं घ्यायचं तर आरटीएक्स २०६० किंवा आरएक्स ६६०० पेक्षा जुनं घेऊ नका.

वापरलेलं कार्ड चालू मशीनवर बघितल्याशिवाय घेऊ नका. अर्धा तास जड गेम किंवा टेस्ट लावा, पंख्यांची घरघर ऐका, स्क्रीनवर ठिपके किंवा पट्ट्या येतात का बघा, तापमान कुठे जाऊन थांबतं ते बघा. मायनिंगला राबलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं नसतं. बहुतेकदा पंखे आणि थर्मल पॅड झिजतात, चिप बरी असते. पण पहिल्याच पीसीला, वॉरंटी नसताना, बेताच्या पैशात? मी तरी नवं घेईन.

बारा_वाजले

मान्य. पण मग इंटेल आर्क बी५८० का नको? १२ जीबी मेमरी!

खुडबुड्या

कार्ड झकास आहे, जोडी चुकते. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणं जवळपास सक्तीचं. आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो. कार्ड बाजारात आल्यावर झालेल्या चाचण्यांत तगड्या प्रोसेसरवर ते चमकलं आणि ५६०० सारख्यावर काही गेममध्ये दणकून आपटलं. स्वस्त कार्डाला महाग प्रोसेसर हवा, हा विनोदच झाला.

नवा_गडी

सगळं वाचतोय, वहीत लिहून घेतोय. दोन शंका. रॅम एकच १६ जीबीची घेतली तर पुढे दुसरी लावता येईल, म्हणून एक घेत होतो. ते चूक आहे का? आणि या बोर्डावर प्रोसेसर बसतो तो एएम४ सॉकेट आता जुना झाला ना, एएम५ का घेऊ नये?

रात्रपाळी

एका स्टिकवर मेमरीचा एकच रस्ता उघडतो. ८-८ च्या दोन लावल्या की दोन रस्ते. तुम्ही व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकवाले, म्हणजे प्रोसेसरला मेमरीची वाट बघायला लावणं तुम्हालाच सगळ्यात जास्त नडणार. ८-८ घ्या, ३२०० ची. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पुढे १६-१६ घ्यावीशी वाटली तर तेव्हा या विकून टाका.

आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका. तोपर्यंत ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच डुलक्या काढत असते. वर्षानुवर्षं तशीच चालवणारे लोक आहेत.

एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. बोर्ड महाग, रॅम महाग, आणि ती महागाई शेवटी कार्डाच्या हिश्शातून कापली जाते. आज हातात असलेल्या पैशात आज खेळायचं असेल तर एएम४. सॉकेट संपत आलाय हे खरं, पण त्याच बोर्डावर उद्या ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बसतो. त्यांची कॅश ९६ एमबी, आणि ती नेमकी तुमच्या प्रकारच्या गेमना मानवते. मिळाला तर, हे आलंच.

उलटा स्क्रू

बोर्ड घेताना: ए५२० घेतला तर कार्ड जेन ३ वर चालेल. ६६०० ला आठ लेन आहेत, त्यामुळे फार बोंब होत नाही. तरी बी५५० बरा. बी४५० घेणार असाल तर बायोस नवा आहे ना ते विचारा. जुना पडून राहिलेला बोर्ड ५६०० ला ओळखतच नाही, पंखे फिरतात आणि पडदा काळा. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही सुटका होते.

यादीतून दिवे आणि काच काढा. पुढून हवाच आत जाणार नसेल तर आतले पंखे तीच गरम हवा फिरवत बसतात. जाळीचं कॅबिनेट घ्या.

एसएसडी जेन ३ ची एनव्हीएमई पुरे. कागदावर ३५०० विरुद्ध ७००० एमबी दिसतात, गेम उघडताना बहुतेकदा फरक सेकंद-दोन सेकंदांचा. गेम फिरत्या हार्डडिस्कवर मात्र टाकू नका.

काडीपैलवान

अवांतर: एवढ्या पैशात कन्सोल येतो.

खुडबुड्या

धागा कशावर आहे बघा हो पैलवान. व्हॅलोरंट माउसने खेळायचं आहे त्याला.

नवा_गडी

मंडळी, सुधारलेली यादी. रायझन ५ ५६००, खोक्यातला कूलर. साधा बी५५०. ८-८ जीबी ३२००. एसएसडी १ टीबी जेन ३. जाळीचं कॅबिनेट. ५५० वॉट, १२ व्होल्टची ओळ वाचून घेतलेला (स्क्रूकाका, ४५ अँपिअर आहेत!). कार्डाला आता बऱ्यापैकी पैसे उरतायत. ६६०० की आरटीएक्स ३०६० १२ जीबी?

रात्रपाळी

वेगात दोघं जवळपास, ३०६० किंचित पुढे. ३०६० ला १७० वॉट लागतात, तुमचा सप्लाय झेपवेल. त्याला डीएलएसएस (लहान चित्र रंगवून मोठं करायची सोय) आहे, मेमरी जास्त आहे. ६६०० कमी पैशात जवळपास तेवढ्याच फ्रेम देतं. मेमरी कमी पडली की सरासरी फ्रेम आकड्यात बऱ्या दिसतात, पण मध्येच आचके बसतात, भिंतींचे पोत चिखलासारखे होतात. फुल एचडीला ८ जीबीत पोताची सेटिंग अल्ट्राऐवजी हाय ठेवली की बहुतेक ठिकाणी निभावतं. फरक थोडाच असेल तर ३०६०, मोठा असेल तर ६६००. तो फरक तुमच्यापुढे आहे, माझ्यापुढे नाही.

डीएलएसएसवर एक भाबडा समज दिसतो, तेवढा सांगते. फुल एचडीला क्वालिटी मोड लावला की कार्ड प्रत्यक्षात १२८० × ७२० च रंगवतं आणि मग ताणून मोठं करतं. कार्डाचं ओझं उतरलं, प्रोसेसरचं नाही. त्यामुळे जिथे प्रोसेसर अडवतोय तिथे डीएलएसएस लावून काही हलत नाही. लोक मग कार्डाला शिव्या घालतात.

नवा_गडी

३०६० घेतलं. बाकी सगळंही आलंय. रविवारी जुळवतो.

नवा_गडी

जुळवलं, बटण दाबलं, पंखे फिरतायत, पडदा काळा. दोन तास झाले. बी५५० च आहे, बायोस नवा आहे म्हणाले होते. रॅम काढून लावून झाली. रडकुंडीला आलोय.

खुडबुड्या

मॉनिटरची केबल कुठे लावलीस? मागे वरच्या बाजूला, बाकीच्या यूएसबींच्या शेजारी?

नवा_गडी

हो.

खुडबुड्या

तो मदरबोर्डाचा पोर्ट. ५६०० च्या पोटात ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणार कुठून. खाली आडव्या लावलेल्या कार्डाच्या पोर्टात लाव. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल.

नवा_गडी

आलं!!! दंडवत घ्या.

व्हॅलोरंट विंडोज ११ वर आधी सुरूच होईना, बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सेटिंग) चालू केल्यावर झाला. पुढच्या कुणाला लागलं तर म्हणून लिहून ठेवतो. एक्सएमपीही चालू केलं, टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसतायत.

आता एक विचित्र गोष्ट. कोपऱ्यात फ्रेम दोनशेच्या वर दाखवतोय. पण खेळताना जुन्या लॅपटॉपवर जसं वाटायचं अगदी तसंच वाटतंय. मित्र म्हणतो १४४ ला लोण्यासारखं वाटतं. मला काहीच फरक कळत नाहीये. कार्ड सदोष असेल का? की माझे डोळे?

उलटा स्क्रू

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा. ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झ, किती आहे ते सांगा.

नवा_गडी

६०.

बारा_वाजले

हे वाचून मीही सहज जाऊन बघितलं.

माझा मॉनिटर १६५ चा आहे. दोन वर्षं झाली घेऊन.

६०.